कंसात किती आहेत?

सर आणि मी एकाच उंचीचे आहोत, हे सरांनी मला ओळख झाल्यावर पंधरा मिनिटांत सिद्ध करून दिलं होतं. खरं म्हणजे ते माझ्या खांद्यालाही लागत नव्हते. मी घुग्घुसच्या आमच्या घरात स्वयंपाकघरात शिरताना वाकणारी बाई, आणि सर फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहायला स्टुलावर चढणारे. तरी त्यांनी माझी उंची अ धरली, स्वतःची ब धरली, आमच्यातला फरक क धरला आणि फळा भरून टाकला. गुणलं, वजा केलं, कंस काढले, दोन्हीकडचा एक लांबलचक कंस उडवला आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, अ = ब.

"काही शंका?" सरांनी विचारलं.

मी मराठी शिकवायला आलेली. दहावीत गणितात काठावर पास झाले तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले होते. गणितात शंका विचारायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. मी मान हलवली.

"पटलं?"

"पटलं, सर."

"मंग फसल्या तुमी, मॅडम," असं म्हणून सर हसले. त्यांचं हसणं आवाजाचं नव्हतं. खांदे हलायचे, डोळे मिटायचे आणि शर्टाच्या खिशातले खडू खाली पडायचे. मला इतका राग आला की त्या दिवशी मी डबाही त्यांच्यासोबत खाल्ला नाही. तो उडवलेला कंस तीन वर्षं माझ्या डोक्यात होता, आणि तीन वर्षं मी सगळं कळल्याचा चेहरा करून त्या शाळेत वावरले. हे आता सांगायला हरकत नाही.

शाळा सिंदेवाहीपासून बसने पाऊण तासावर, जिथे धानाच्या बांध्या संपतात आणि सागवान सुरू होतो तिथे. पाचवी ते आठवीचं गणित सरांकडे. आठवडाभर ते पुस्तकातलंच शिकवायचे, आणि नीट शिकवायचे. पण शनिवारचा शेवटचा तास चोराचा. त्या तासाला सर फळ्यावर काहीतरी भलतंच सिद्ध करून दाखवायचे. दोन बरोबर एक. सात बरोबर अकरा. सगळ्या मुलांचं वय सारखं. एका शनिवारी तर त्यांनी सिद्ध केलं की शाळेला सुट्टीच नसते, आणि पाचवीतली एक पोरगी खरोखर रडायला लागली. प्रत्येक सिद्धतेत कुठेतरी एक खोटी पायरी लपवलेली असायची. तिला सर चोर म्हणायचे, आणि पोरांनी तो पकडायचा.

पकडणाऱ्याचा मान मोठा होता. मोठ्याने ओरडायचं नाही, सरांच्या कानात येऊन सांगायचं. बरोबर निघालं तर ते पोरगं उरलेला तास सरांच्या खुर्चीत बसणार आणि सर त्याच्या जागेवर, टाटपट्टीवर मांडी घालून. आणि सर नुसते बसायचे नाहीत. ते शेजारच्याची तक्रार करायचे, पेन हरवायचे, बोट वर करून पाणी प्यायला जायची परवानगी मागायचे. खुर्चीतल्या पोराने "नाई" म्हटलं तर तहानलेले बसून राहायचे. मी व्हरांड्यातून जाताना एकदा पाहिलं, सर कान धरून उभे होते आणि सातवीतला एक चिरक्या आवाजाचा मुलगा त्यांना सतराचा पाढा म्हणायला लावत होता.

मला हे सगळं थिल्लर वाटायचं. मी तसं मुख्याध्यापकांना बोललेही होते. ते म्हणाले, "मॅडम, त्यांच्या नादी लागू नका, ते तुम्हाला सिद्ध करून दाखवतील."

गावातही सर कोणाला सोडायचे नाहीत. त्यांना जवळजवळ पूर्ण टक्कल. तरी महिन्यातून एकदा नियमाने केस कापायला जायचे. तिथे त्यांनी न्हाव्याला वस्तऱ्याच्या पट्ट्यावर बोटाने आकडे काढून पटवून दिलं की टकल्या माणसाच्या डोक्यावरचे केस आणि केसाळ माणसाच्या डोक्यावरचे केस सारखेच भरतात. न्हाव्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असंल जी. पन तुमची कटिंग पाच मिनटात होते आन त्याहिची अर्ध्या घंट्यात. ते कसं?" सर आठवडाभर हे सांगत फिरले. जो भेटेल त्याला धरून सांगायचे, त्यानं पेन्सिल न लावता चोर पकडला. मला वाटायचं, एवढं काय त्यात. न्हावी आहे, त्याला कळणारच.

आता पार्वताबाई. या शाळेतली खिचडी शिजवायच्या. रोज साडेदहाला त्या तांदळाचा पत्र्याचा डबा काखेत मारून एकेका वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "किती आहेत जी?" वर्गातली हजेरी ऐकायची, तितक्या पोरांचा तांदूळ मनाशी मोजायचा, मग पुढचा वर्ग. चारही वर्ग झाल्याशिवाय त्या कोठीचं कुलूप काढत नसत. घाईचा दिवस असो, पाहुणे येवोत, आधी हजेरी. एकदा मी म्हटलं, रोजचीच पोरं आहेत, अंदाजाने टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुलीत पाणी ओतायला सांगितलं होतं.

शिक्षण विचारलं तर सांगायच्या, "चौथीत भागाकार आला आन मी सुटली." त्यात खंत नव्हती. भागाकार आणि त्या, दोघांनी एकमेकांना सोडून दिलं होतं, इतकंच.

मंडईच्या दुसऱ्या दिवसाची एक गंमत. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा. ती झाली की रात्रभर नाटक होतं आणि दुसऱ्या दिवशी शाळा ओस पडते. पाचवीला चार पोरं, सहावीला सहा, सातवीला दोन. आठवीत कोणीच नाही. तरी सर आठवीच्या वर्गात उभे राहून रिकाम्या टाटपट्ट्यांना वर्गमूळ शिकवत होते. मधेच थांबून "काही शंका?" असंही विचारत होते. पार्वताबाई डबा घेऊन दारात आल्या. आत पाहिलं. सवयीने विचारलं, "किती आहेत जी?"

"शून्य," सर म्हणाले, आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

पार्वताबाई तशाच माघारी गेल्या. मला मात्र हसू आवरत नव्हतं. मी दुपारी सरांना विचारलं की रिकाम्या वर्गाला शिकवून काय मिळालं. ते म्हणाले, "कोनी फसलं नाई. पयलाच दिवस तसा."

असे हे सर. आणि अशा माणसावर बालंट आलं ते त्यांच्याच एका नियमामुळे.

शनिवारी चोर सापडला नाही तर सर तो दाखवत नसत. पुढच्या शनिवारपर्यंत चोर मोकाट. पोरांनी आठवडाभर वहीत शोधायचा. एका शनिवारी त्यांनी आठवीला दोन बरोबर एक घातलं आणि कोणालाच सापडलं नाही. आठवीतल्या आरतीने ते जसंच्या तसं वहीत उतरवून घरी नेलं. आता आरतीचे वडील म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. आणि त्या आठवड्यात त्यांच्या घरी दोघा भावांच्या वाटण्या चालू होत्या. ओट्यावर चार माणसं बसलेली, आणि आरतीने सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवलं की दोन एकर म्हणजे एक एकर. पोरगी हुशार, एक पायरी चुकली नाही. तिचा काका टाळी देऊन म्हणाला, "झालं तं मंग भाऊ. तुहीच पोरगी सांगून राह्यली. तू एक घे, मले दोन दे, सारखंच हाये."

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर अध्यक्षभाऊंनी एक चहा सांगितला, तर कोणीतरी त्यांच्यासमोर दोन कप ठेवले. तिथून ते थेट शाळेत आले.

"हे शिकवता तुमी पोरायले?" त्यांनी आरतीची वही टेबलावर आपटली. "मोबाईलवर पोरं कमी बिघडली का, आता शाळेतही खोटं?"

सर म्हणाले, "भाऊ, त्यात चोर हाये."

"चोर तं तुमीच," अध्यक्ष म्हणाले आणि निघून गेले.

दोन दिवसांत लेखी तक्रार गेली. येत्या शनिवारी सभा ठरली. केंद्रप्रमुख येणार, गाव येणार, आणि सरांच्या बदलीचा ठराव येणार. कोणी सांगितलं जिल्ह्याच्या टोकाच्या जंगलात पाठवतील, कोणी त्याहून आत. सरांची नोकरी दीड वर्षाची उरली होती. आठवीची ती पोरं त्यांच्याकडे पाचवीपासून होती, आणि ती आठवी पास होईपर्यंत आपण इथून हलायचं नाही, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली होती. त्या आठवड्यात त्यांच्या खिशातले खडू एकदाही पडले नाहीत. मला त्यांचा राग यायचा हे खरं, पण टाटपट्टीवर बसून गप्प खिचडी खाणारे सर पाहून मी माझा डबा उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

शुक्रवारी मी त्यांना गाठलं. म्हटलं, "सर, सभेत फळ्यावर त्या चुकीवर बोट ठेवा आणि मोकळे व्हा. एका मिनिटाचं काम."

"मी दाखवला तं काय उपयोग, मॅडम? म्हनतील, मास्तरच टाकते आन मास्तरच काढते."

"मग?"

"गावातल्या कोनी पकडला पायजे."

"आणि नाही पकडला तर?"

"तं मीच बदलीचा अर्ज लिहितो. काऊन का माझं शिकवनं खरंच उपयोगाचं नाई असं होईल."

मी कपाळावर हात मारून घेतला. मला स्वतःला तो चोर दिसत नव्हता. बी.एड. झालेल्या बाईला दिसत नाही तो गावाला कसा दिसणार? पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी दुपारी, खिचडी झाल्यावर, व्हरांड्यात गाव जमलं. अध्यक्षभाऊ आणि केंद्रप्रमुख खुर्च्यांवर, बाकीचे टाटपट्ट्यांवर, आठवीची पोरं खिडकीच्या गजांना धरून. आरती सगळ्यात मागे, खाली मान घालून. सभेचं रजिस्टर माझ्याकडे. मी पहिल्या ओळीत विषय लिहिला, सरांच्या बदलीबाबत, आणि पुढे काय लिहावं लागणार या विचाराने पेन बाजूला ठेवलं.

सरांनी अट सांगितली. पोरांनी बोलायचं नाही, शिक्षकांनी बोलायचं नाही. गावातल्या कोणीही चोर पकडला तर तक्रार मागे. नाही तर अर्ज. केंद्रप्रमुख म्हणाले, असं काही नियमात बसत नाही. अध्यक्षभाऊ म्हणाले, "बसू द्या साहेब, मले मंजूर हाये."

व्हरांड्याच्या भिंतीवर फळा टांगला होता. सर त्यापुढे स्टुलावर चढले. "दोन भाऊ," ते म्हणाले. "थोरल्याकडं अ एकर, धाकट्याकडं ब एकर. दोघाइचं सारखं. म्हनून अ बरोबर ब."

लोक हसले. अध्यक्षभाऊ हसले नाहीत.

मग सर एकेक पायरी लिहीत गेले. दोन्ही बाजूंना अ ने गुणलं. दोन्हीकडून ब चा वर्ग वजा केला. मग अवयव पाडले आणि फळ्यावर आलं:

(अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब)

"इथवर काही शंका?"

न्हावी डोळे बारीक करून पाहत होता, त्याच्यावर माझी बरीच भिस्त होती, पण त्याने मान हलवली. त्याला यात केस दिसत नव्हते.

"आता दोन्हीकडं अ वजा ब चा कंस सारखाच हाये. त्या कंसानं दोन्ही बाजूंना भागू. कंस उडाला. उरलं अ अधिक ब बरोबर ब. आन अ म्हनजे ब च. तं दोन ब बरोबर एक ब." सरांनी शेवटची ओळ लिहिली. दोन बरोबर एक. "पाहा बापा. कोनाले काही दिसते का?"

एक म्हातारा म्हणाला, ते अ आणि ब च खोटे आहेत. सर नम्रपणे नाही म्हणाले. कोणी म्हणालं वर्ग चुकला. सरांनी तपासून दाखवला. अध्यक्षभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "लिहा मॅडम."

मी पेन उचललं. सर स्टुलावरून उतरले. त्यांनी खडू ओट्यावर ठेवला. मला रडू येईल असं वाटलं आणि स्वतःचाच राग आला, की तीन वर्षांत एकदा तरी या माणसाला विचारायला हवं होतं की तो कंस कसा उडाला.

तेवढ्यात कोपऱ्यातून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. पार्वताबाई खिचडीचा मोठा गंज घासत होत्या. हात राखेने भरलेले.

"थांबा जी," त्या म्हणाल्या. "सर, भागू म्हनजे वाटूच न?"

"हो, वाटूच."

"मंग त्या कंसात किती आहेत?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कंसात अ वजा ब हाये, पार्वताबाई."

"तसं नोका सांगू. किती आहेत ते सांगा. अ किती?"

"धरा पाच."

"आन ब?"

"तोही पाचच. सारखे म्हटले ना."

"पाचातले पाच गेले," पार्वताबाई म्हणाल्या, "तं आत कोनीच नाई न जी."

खिडकीतली पोरं गजांवर चढली.

"मंग वाटून कोनाले राह्यले तुमी?" पार्वताबाई आता उठून उभ्या राहिल्या. "मंडईच्या दुसऱ्या दिवशी आठवीत कोनी नव्हतं. मी इचारलं, तुमी शून्य म्हनले. मी डबा बुडवला का? नाई बुडवला. माघारी गेली. खानारं कोनी नाई तं वाटाचं कायचं? आन तुमी इथं रिकाम्या वर्गाले वाटून मोकळे झाले, आन म्हनता दोनाचं एक झालं. होनारच मंग काहीही. हजेरी न घेता कोनी वाटते का?"

आणि मला तो कंस दिसला. तीन वर्षांनी. अ वजा ब वजा क. माझ्या उंचीतून सरांची गेली, उरलेला फरकही गेला. तोही रिकामाच होता. मी रजिस्टर हातात घेऊन व्हरांड्यात सगळ्यांसमोर मोठ्याने हसले, आणि केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

सरांनी बोट त्या कंसावर ठेवलं. "हाच," ते म्हणाले. "शून्यानं भागता येत नाई. हाच चोर होता." मग अध्यक्षभाऊंकडे वळून हात जोडले. "भाऊ, चूक माझीही हाये. चोर पकडल्याबिगर पोरीले घरी पाठवाले नोको होतं. आता कोनताही चोर आठवडाभर मोकाट राहनार नाई."

अध्यक्षभाऊंनी फळ्यावरच्या त्या कंसाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी मागे वळून आरतीला बोलावलं. "समजलं का वं तुले?" ती म्हणाली, "हो." "मंग आज काकाच्या ओट्यावर जाऊन त्याले समजावून सांग. पुरं सांगजो. कंसासकट." लोक हसायला लागले, आणि या वेळी अध्यक्षभाऊही हसले.

"ठराव लिहा, मॅडम," ते म्हणाले.

"काय लिहू, भाऊ?"

"लिहा, दोन म्हनजे दोनच. सर्वानुमते मंजूर."

मी तसंच लिहिलं. वरच्या विषयावर रेघ मारली. ते रजिस्टर अजून त्या शाळेच्या कपाटात असेल, कोणाला खोटं वाटलं तर जाऊन पाहावं.

मग पोरं खिडकीतून ओरडायला लागली, खुर्ची, खुर्ची. नियम तो नियम. पार्वताबाई नाही म्हणत होत्या, हात राखेचे आहेत म्हणत होत्या, पण सरांनी स्वतः खुर्ची आणून फळ्यासमोर ठेवली आणि आपल्या रुमालाने पुसली. पार्वताबाई तिच्या अगदी काठावर बसल्या, पदराने हात पुसत. केंद्रप्रमुख जायला उठले होते, ते पुन्हा बसले. सर समोर टाटपट्टीवर, आरतीच्या शेजारी मांडी घालून बसले. इतके बुटके की आठवीतच शोभून गेले.

त्यांनी बोट वर केलं. "बाई, पानी प्याले जाऊ का?"

पार्वताबाईंनी एकदा गावाकडे पाहिलं, एकदा सरांकडे. पदर सारखा केला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या.

"आधी हजेरी," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी एका टोकापासून हजेरी घ्यायला सुरुवात केली. अध्यक्षभाऊ, न्हावी, आरती. प्रत्येक जण हसत हसत आपापलं उत्तर देत होता. मग त्या थांबल्या.

"सर?"

सर उठून उभे राहिले. खिशातले खडू खाली पडले.

"हजर," ते म्हणाले.